आ वासलेला शिंपला

दातांच्या दवाखान्यात आ करणारा तो गुणी पेशंट. म्हणून तिथल्या माशांच्या काचेच्या टाकीतला निळा शिंपला चार दिवस आ वासून बसला, तेव्हा डॉक्टरीणबाईंना आणि कामाच्या मावशींना त्याचं कौतुकच वाटलं. ती टाकी डॉक्टरीणबाईंना त्यांच्या बाबांनी दिलेली भेट. बाबा गेले, शिंपला राहिला, आणि ती रोज सकाळी आधी त्याच्याशी बोलायची.

टाकीचा पंप बघायला आलेला नवा माणूस मात्र काचेशी थबकला. त्यानं पाण्यावर हात धरला. शिंपला ढिम्म.

"डॉक्टर, हा खुशीत नाहीये. धडधाकट शिंपला सावली पडताच मिटतो. आणि ही कडेची झालर बघा — आक्रसलीय, रंगही उडालाय."

ती धावत काचेशी आली. "वाचेल ना?"

"बघू या... मऊ ब्रश मिळेल?"

"दातांच्या दवाखान्यात ब्रश मागताय?"

तो हसला. ओठ मिटूनच.

शिंपल्याच्या बुडाशी तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी चिकटून त्याला शोषत होत्या. त्यानं एकेक हळुवार घासून काढली. मग रोज शेवटचा पेशंट गेला की तो यायचा, ब्रश फिरवायचा, हाताची सावली धरून बघायचा. निळ्या उजेडात दोघं काचेला नाक लावून बसायची. दिवसभर मशीनच्या घरघरीनं किटलेले तिचे कान बुडबुड्यांच्या आवाजात निवांत व्हायचे. मावशी उगाच पुसलेली फरशी पुन्हा पुसायच्या.

दहाव्या दिवशी दोघं एकदमच वाकली. दोन डोक्यांची मिळून एक सावली पडली — आणि शिंपला चटकन मिटला.

तिला रडूच फुटलं. थोडं आनंदानं, आणि बरंचसं उद्यापासून हा येणार नाही म्हणून.

"चला... माझं काम झालं," तो पिशवी आवरत म्हणाला.

"माझं राहिलंय. बसा त्या खुर्चीत." तिनं डोळे पुसले. "दहा दिवस बघतेय. चहा एकाच बाजूनं पिता, हसताना तोंड उघडत नाही. लक्षणं मलाही कळतात. दाढ कधीपासून दुखतेय?"

तो कानापर्यंत लाल झाला. "पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत?"

"शिंपला बरा झाल्यावर... यायला काहीतरी शिल्लक हवं ना."

काय म्हणावं या वेड्याला! तिचं मन भरून आलं.

"दाढ दोन दिवसांत बरी करीन," ती हळूच म्हणाली. "त्यानंतर निमित्त न काढता यायचं. मी वाट बघेन."

ती त्याच्यावर वाकली. तिची सावली त्याच्या चेहऱ्यावर पडली, आणि त्यानं निमूटपणे आ केला.