बारा नंबरची खाट

नवीन वर्ष उजाडलं आणि काहीच झालं नाही, हाच त्याचा मोठा गुन्हा ठरला. दोन वर्षं त्याने हॉस्पिटलमधल्या एकूण एक कॉम्प्युटरची तारीख दुरुस्त केली होती. जुन्या यंत्रांना सालाचे शेवटचे दोनच आकडे कळत. नव्याण्णवनंतर शून्य-शून्य आलं की ती शंभर वर्षं मागे जाणार, अशी सगळ्यांनाच धास्ती होती. आता लिफ्ट चालत होती, दिवे लागत होते आणि जो तो त्याला 'शून्यसाहेब' म्हणून चिडवत होता.

पाच तारखेला सकाळी बायकोचं पित्ताशयाचं ऑपरेशन त्याच हॉस्पिटलात झालं. तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ, बारा नंबरच्या खाटेवर ती पडली होती. उशाशी तिचा धाकटा भाऊ पेपर घेऊन बसला होता.

"काय भावजी, बुडालं का जग?" मेहुण्याने विचारलं. "चांगला बागुलबुवा उभा केलात हं."

"दुरुस्त केलं म्हणून नाही बुडालं."

"आमच्या दुकानातला कॉम्प्युटर कुणीच दुरुस्त केला नव्हता. तोही चालतोय की!"

बायकोला हसू आलं, आणि टाके दुखले म्हणून तिने पोट धरलं. "तू नको रे मनाला लावून घेऊस," ती नवऱ्याला म्हणाली. "याला लहानपणापासून खोड आहे."

पण त्याच्या ते जिव्हारी लागलं होतं. या कामापायी मुलीच्या लग्नाची सगळी धावपळ बायकोने एकटीने केली होती. ते सगळं काय थोतांडासाठी?

तळमजल्यावर नोंदणीच्या खोलीत त्याने एक कॉम्प्युटर मुद्दाम दुरुस्त न करता ठेवला होता. तार काढलेला, वर जुनी चादर टाकलेला. कुणी विचारलंच तर पुरावा हाताशी असावा, म्हणून. भर दुपारी त्याने ती चादर ओढली, तार जोडली आणि वॉर्डाच्या चालू नोंदी त्यात घेतल्या.

"फक्त दहा मिनिटं," तो नोंदणीबाईंना म्हणाला. "आमच्या वॉर्डाची यादी काढतो. बायकोचं वय बघा काय येतं. उणे एकावन्न!"

"अहो, माणसं झोपलीयेत त्या खाटांवर," नोंदणीबाई म्हणाल्या. "कशाला नसते उद्योग?"

प्रिंटर खरखरू लागला. पहिली खाट, वय उणे साठ. दुसरी, उणे चौतीस. त्याला लहान मुलासारखा आनंद झाला. अकरा ओळी अशाच आल्या.

बाराव्या ओळीत बायकोचं नाव नव्हतं. दुसऱ्याच कुणा बाईचं होतं. आजार, ताप. दाखल, पाच-एक-शून्य-शून्य. वय सव्वीस.

"ही कोण?" नोंदणीबाईंचा आवाज एकदम खाली आला. "अशा नावाची बाई मी कधीच नोंदवलेली नाही."

तो त्या सव्वीसकडे बघत राहिला. यंत्राच्या हिशेबाने हे एकोणीसशे साल होतं, आणि बाकीचे अकरा जण अजून जन्मायचे होते. ही एकटीच जन्मलेली होती. आणि हॉस्पिटल बांधून तर साठ वर्षंही झाली नव्हती.

त्याने तार उपटली आणि तीन जिने धावत चढला.

"हळू," मेहुणा म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय तिचा."

बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ चांगलंच तापलं होतं.

ताप दोन दिवस राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला घरी सोडलं. गाडीत ती दाराची कडी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती.

दारात पोचल्यावर ती थबकली. "तुम्ही पुढे व्हा," ती त्याला म्हणाली.

सव्वीस वर्षांच्या संसारात तिने त्याला कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

ती आतल्या खोलीत गेली. मेहुण्याने पिशव्या खाली ठेवल्या.

"आली ना ठणठणीत? आता तरी कबूल करा भावजी. ते तारखेचं प्रकरण खरं होतं का?"

आतून काहीच आवाज येत नव्हता.

"नव्हतं," तो म्हणाला. त्याला रडू फुटेलसं वाटत होतं. "थोतांडच होतं. काहीच झालं नाही."

तो आतल्या दाराशी गेला. टेबलावरच्या दिव्यापुढे ती वाकून उभी होती. बल्बभोवती तिने तळहाताचा आडोसा धरला आणि हलकेच फुंकर मारली.

दिवा विझला.