देवाला सोडलेला चितळ

आमच्या वनाला चारी बाजूंनी कुंपण आहे, आणि कुंपणाच्या आत चितळांना खाणारं कुणी नाही. त्यामुळे ती वाढतात. वाढली की चारा पुरत नाही, नर एकमेकांच्या बरगड्यांत शिंगं घालतात, आणि भर उन्हात जखमी जनावरं शोधत मला टेकडी पालथी घालावी लागते. म्हणून दर वर्षी काही चितळं पकडून शिराळ्याच्या पलीकडं, वाघाच्या जंगलात नेऊन सोडतात. मी इथली जनावरांची डॉक्टर. कुणाला पाठवायचं आणि कुणाला ठेवायचं ते मी ठरवते. हे काम सांगितलं की लोक माझ्याकडं जरा वेगळ्याच नजरेनं बघतात.

नियम साधा आहे. थोड्या माद्या-पाडसांबरोबर उनाड, तरणे नर पाठवायचे आणि पोक्त नर ठेवायचे. पोक्त नर असला की कळप वळणात राहतो. आमच्याकडचा सगळ्यात पोक्त नर म्हणजे आबा. हे नाव बिरदेवमामांनी ठेवलेलं. मामा आमचे वनमजूर, मूळचे माण तालुक्यातले मेंढपाळ. "आबा टाकीवर आलं हुतं," असं त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांचे वडील आले असतील असं समजून मी चहा टाकायला निघाले होते.

आबा होताही तसाच. शिंगं माझ्या हाताएवढी लांब, तोंडाशी पांढुरका झालेला, चालणं सावकाश. पाण्याच्या टाकीवर तो आला की माद्या, पाडसं, तरणे नर सगळी सरकून त्याला वाट द्यायची. कुणाच्या लग्नाला आल्यासारखा तो त्या वाटेनं यायचा. मला तो फार आवडायचा.

यंदा उन्हाळा लागताना, दोन्ही जंगलं ज्यांच्या हाताखाली येतात त्या शंभूराज साहेबांचा फोन आला. "तिकडं सगळे कोवळेच नर आहेत. कळप टिकत नाहीत. तुमचा तो म्हातारा द्या."

मी म्हटलं, त्याचं वय झालंय, ट्रकमध्येच जीव सोडेल. तगला तरी वाघाला सापडायला कितीसा वेळ लागणार?

"बघू," साहेब म्हणाले. माणूस वाईट नाही. तिकडच्या जंगलाची त्यांना खरोखर काळजी आहे.

बिरदेवमामांना मी हे सांगितलं.

"आवं डाक्टरबाई, ते जमायचं न्हाई. आबा देवाला सोडल्यात."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांची पल्लवी लहानपणी तापानं फणफणली होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. त्याच दिवसांत मामांना आई मेलेलं एक पाडस सापडलं. त्यांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला आणि बिरोबाला म्हणाले, ह्यो तुजा, म्हातारा हून मरंल, ह्येला कुणी खानार न्हाई, माजी पोर राख. पोर वाचली.

"मामा, मेंढा सोडतात देवाला, वळू सोडतात. सरकारचं चितळ तुम्ही कसं सोडलंत?"

"तवा माज्याजवळ मेंढरू तरी हुतं का? जे म्होरं हुतं ते सोडलं."

मला हसू आलं, पण ते टिकलं नाही. पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. मामांच्या क्वार्टरच्या दारात बसून ती समोरच भाजी निवडत होती. मामांनी आवाज अगदी खाली आणला. "मी दिल्याला शबुद मोडला, तर हिचं काय हुईल?"

नवसावर माझा विश्वास नाही. पण त्या पोरीकडं बघून आबाला परत फिरवायचं असं मी मनाशी ठरवून टाकलं.

चितळं पकडायला हिरव्या जाळीचं नरसाळ्यासारखं मोठं आवार करतात. आम्ही त्याला कोंडवाडा म्हणतो. आत चारा-पाणी ठेवायचं, सवय झाली की दार पाडायचं. निमुळत्या टोकाला एक बोळ असतो आणि बोळात सरकती फळी. ती एका बाजूला ओढली की जनावर ट्रकात जातं, दुसऱ्या बाजूला ओढली की परत रानात. फळी माझ्या हातात होती.

आबा सगळ्यांत शेवटी आला. धडपड नाही, उड्या नाहीत. माझ्या मागं साहेब उभे होते.

"ट्रकात," ते म्हणाले.

मी थांबले. त्यांनी माझ्या हातावरून हात घालून फळी ओढली. आबा माझ्या इतक्या जवळून गेला की त्याचा ऊन श्वास मनगटाला लागला. तो फळकुटावरून ट्रकात चढला, दार पडलं, कडी लागली, वर सील बसलं. मी बघितलं, साहेबांनी बघितलं, मामांनी बघितलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडच्या वनरक्षकाचा फोन आला. जनावरं सगळी सुखरूप होती.

"पण म्याडम, मोठा नर कुठाय?"

ट्रक वाटेत उघडला नव्हता. कडीवरचं सील जसंच्या तसं होतं. वनरक्षक सांगत होता की जनावरं दाटीवाटीनं कडेला चिकटून उभी होती आणि मधली जागा मोकळी होती. दार उघडल्यावर एकही खाली उतरेना. सगळी त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिली. मग एकामागून एक उतरली.

"तुम्ही त्याला काढलंत," साहेब मला म्हणाले.

"फळी तुम्ही ओढलीत, साहेब."

 आम्ही अख्खी टेकडी शोधली. टाकीवर आता कुणी कुणाला वाट देत नव्हतं, तरणे नर एकमेकांना ढुशा देत पाणी पीत होते. आबा इथं नव्हता.

आठवडा गेला असेल. दुपारी साहेब स्वतः आले. फोनवर सांगता आलं असतं, पण आले. मामांच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं बसलो. पल्लवी उंबऱ्याशी पाय पसरून शेंगा फोडत होती, तिची पाठ आमच्याकडं होती. साहेबांनी मोबाईल माझ्या हातात दिला. तिकडच्या जंगलात झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात काहीतरी आलं होतं.

भर दुपार. पायवाटेवर वाघ आडवा पसरलेला.

त्यानं डोकं उचललं. कान मागं घेतले.

मग तो उठला, वाटेवरून खाली उतरला आणि गवतात मान घालून उभा राहिला.

वाट रिकामी होती.

बराच वेळ रिकामीच होती. मग इथून गेलेल्या आमच्या माद्या आल्या. ओळीनं, सावकाश, वाघाच्या तोंडासमोरून. वाघ हलला नाही.

"हे मी कुणाला दाखवू?" साहेबांनी विचारलं. 

मी दिसलं ते सांगितलं, पण मामांनी मोबाईलकडं बघितलंसुद्धा नाही. "मागं पाडसं हुती का?" त्यांनी एवढंच विचारलं. मी हो म्हटलं, तसे ते तोंडावर टॉवेल धरून रडू लागले. माझेही डोळे भरून आले.

दारात शेंगा फोडण्याचा आवाज थांबला.

पल्लवीनं सूप मांडीवर घेतलं, पोट सांभाळत पाय आवरले आणि चौकटीला टेकून आत यायला वाट दिली.

"बसा," ती म्हणाली आणि परत शेंगा फोडू लागली.

आम्ही तिघं केव्हाचे बसलेलो होतो.