पंचवीस अंश

झाकणावर: दिवस पहिला.

गेउआ प्रयोगशाळेतल्या कपाटात जंतूंची बशी ठेवत होती, तोच मागून आवाज आला, "मॅडम, कपाट चुकलं. हे तर गार आहे."

"तुम्ही कोण?"

"कालाई. आजपासून मदतीला. मलेरियाचे जंतू सदतीस अंशांवर वाढवतात, एवढं शिकून आलोय."

"ते माणसातले. यांना वाटायला हवं, आपण डासाच्या पोटात आलोय. पंचवीस अंश. माणसाची ऊब लागली की मरतात."

"बिचारे..." तो हसला. सुपारी-चुन्यानं दात लालभडक.

दिवस चौथा.

जंतूंना रक्त लागायचं. ते कालाईनं दिलं. दंडावर कापूस दाबत म्हणाला, "आता तरी अरे-तुरे कर. माझं रक्त तुझ्या बशीत आहे."

"करीन. सुपारी आण आधी."

त्यानं खिशातून दोन काढल्या. तयारीतच होता —

दिवस सातवा.

"मंगळवारी माझं जहाज. मानुसला, आमच्या बेटावरच्या दवाखान्यात नोकरी लागलीय. येतेस?"

गेउआनं भिंगावरचा डोळा काढला नाही. धाकट्या भावाला तापानं नेलं, तेव्हापासून ती याच कामाला चिकटून होती. दोनदा फसलं होतं.

"दहाव्या दिवशी यांचे गोळे धरले, डासाच्या पोटात धरतात तसे, तर माझं काम झालं. मग येते."

"नाही धरले तर?"

"तर पुन्हा पहिला दिवस. मग कुठली येते मी..."

दिवस नववा. वीज गेली.

जनित्र पलीकडच्या इमारतीत. गेउआ तिथलं कपाट गार करून दारात उभी होती. कालाई धो धो पावसातून धावत आला आणि शर्टाच्या आतून बशी काढली.

"थेंब लागू दिला नाही. छातीशी धरून आणली."

बशी कोमट होती.

तिनं ती झटकन गार कपाटात सरकवली.

दिवस दहावा. मंगळवार. भिंगाखाली काही हललं नाही.

"विजेनं घात केला," ती म्हणाली.

"मी अजून जोरात पळायला हवं होतं."

"नाही रे... खूप पळालास तू."

"पुढच्या जहाजानं येशील?"

तिनं त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. हात तिथेच थोडा रेंगाळला. किती ऊब होती... धक्क्यावर भोंगा वाजला. तो गेला. पहिल्या दिवशीचं बोलणं त्याला वाटेत आठवू नये, कधीच आठवू नये, एवढंच तिला वाटत राहिलं.

फ्रिजमध्ये त्याच्या रक्ताची एक बाटली उरली होती. गेउआनं दोन्ही हात बराच वेळ गार पाण्याखाली धरले. मग नवी बशी उचलली.

झाकणावर: दिवस पहिला.