बकरीच्या खुरांची जीप

"माग खोटं बोलत नाही, पोरी. वाळूला विचार," आजोबा म्हणायचे. सांडणीची पावलं बघून ती गाभण आहे का, तेही सांगायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, पण अल मदामच्या वाळूच्या लाल टेकड्यांत वारा पडला की शम्माला तो आवाज अजून ऐकू यायचा.

आज मात्र कानावर पडत होता तो मत्तरमामाचा वैताग. सलग तिसऱ्या शनिवारी आजोबांची जुनी जीप पोटापर्यंत रुतली होती. वाळूत गाड्या चालवायला निघालेल्या ताफ्यातल्या बाकीच्या गाड्या कधीच टेकडीपार गेल्या. दोर घेऊन परत आले ते, नेहमीप्रमाणे, ताफ्याचे म्होरके बू सालेम. ही म्हातारी जीप मला देऊन टाक, हे त्यांचं पालुपदही बरोबर आलंच. मामाने फावडं आपटलं आणि सांगितलं, संध्याकाळी किल्ली न्या.

याच गाडीत, आजोबांच्या मांडीवर बसून, शम्माने पहिल्यांदा स्टिअरिंग धरलं होतं.

मामा वाळू उपसत होता. ती धाकट्या भावाला, घैथला घेऊन मागे चालत गेली. इतर गाड्यांचा माग उंटाच्या तळव्यासारखा रुंद, उथळ होता. आपल्या जीपचा मात्र बकरीच्या खुरांसारखा अरुंद आणि खोल.

"चाकं कडक आहेत," घैथ कुजबुजला. "पण रुतू नये म्हणून मामाने तर हवा पंधरा पौंडांवर आणली होती."

"हवेच्या मीटरवर पंधरा," शम्मा म्हणाली.

मामाला विचारलं, तर तो खेकसला: तुम्ही जन्मायच्या आधीपासून मी हवा सोडतोय. तुमच्या चाकाला मीटर लावून बघू का, असं बू सालेमना विचारायचीही सोय नव्हती. या ताफ्यात दुसऱ्याच्या चाकाला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं.

मग घैथने बू सालेमकडे खजूर मागितले, आणखी मागितले, बिया कुठे टाकू तेही विचारलं. तेवढ्यात शम्माने मामाचं मीटर बू सालेमच्या मऊ चाकाला लावलं.

काटा शून्यावरून हललाच नाही.

"काय गं, माझं चाक मेलं की काय?" बू सालेम मागे उभे होते. शम्माने मान खाली घालून सगळं सांगितलं. त्यांनी आपलं मीटर काढलं. त्यांच्या चाकात पंधरा. मामाच्या चाकात तीस.

चारही चाकांतली हवा फुसफुसत निघाली, टायर पसरले आणि जीप दोराशिवाय टेकडी चढून गेली.

वर करक चहाचे पेले फिरले. बू सालेम म्हणाले, एवढ्या मोठ्या ताफ्यात माग वाचणारी ही एकटीच निघाली. मग हसत त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

मामाने किल्ली मुठीत घट्ट धरली.

"मीटर महिन्यापूर्वी माझ्याच हातून खडकावर पडलं होतं," तो म्हणाला. "ते बिघडलंय हे मला माहीत होतं. लाजेपायी बोललो नाही, आणि दोष बाबांच्या गाडीला देत राहिलो. आता ती देणार नाही."