सहा किलोंचं बिऱ्हाड

मी छत्रीची काडी बसवून घ्यायला गेले होते, तंबू घ्यायला नव्हे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणायचे, म्हातारीला साठीत पोरखेळ सुचला.

दुकान गल्लीच्या टोकाला. छत्र्या, बॅगा, तंबू दुरुस्त करून मिळायचे, वापरलेले विकतही मिळायचे. मागच्या फरशीच्या अंगणात एक हिरवा तंबू उभा होता, जेमतेम खाटेएवढा. शेजारी पाटी. मी अक्षर अक्षर लावून वाचली — ‘एका माणसासाठी.’

छत्री हातात तशीच राहिली.

“आत बसून बघा, आजी,” तंबूवाला म्हणाला.

“आजी कुणाला म्हणता? आरसा आहे का घरात? डोक्यावर चार केस उरलेत, तेही पांढरे!”

त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि मनापासून हसला. “चुकलं, बाई. बसा.”

गुडघ्यांना शिव्या देत मी आत शिरले, चेन ओढली. तेवढ्यात त्या गृहस्थानं वरून झारीनं पाणी ओतायला सुरुवात केली.

“अहो, हे काय?”

“पाऊस पाडतोय. शिवण गळते का बघा.”

टप... टप... हिरवा उजेड, कापडावरून घरंगळणारे थेंब, आणि माझ्यापुरतीच जागा. माझ्या घराच्या सात खोल्या आणि अकरा किल्ल्या. एकेकाळी तिथे मी अठरा पानं वाढायची. अंघोळीला गेलं तरी बाहेरून तीन हाका. आता मुलं परगावी, नवरा भिंतीवर. किल्ल्यांचा जुडगा मात्र अजून कमरेला. कुलपं कशाला लावते देव जाणे, चोरालासुद्धा तिथे करमायचं नाही.

त्या तंबूत मला कुणी हाक मारत नव्हतं. पण कुणी मारायला हवी होती, असंही वाटत नव्हतं.

“कुठे जायचंय?” बाहेरून आवाज आला.

“परदेशात. एकटीनं.” जीभच बोलून गेली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक तळं होतं, काठाला उंच झाडं. वर्ष उलटलं तरी मी ते पान काढलं नव्हतं. “तिथली हॉटेलं मला परवडायची नाहीत.”

संध्याकाळी फोनवर दोन्ही मुलं हसली. “आई, या वयात?” तंबूवाला हसला नव्हता. त्यानं एवढंच विचारलं होतं, “गुडघा किती पेलेल?”

“डॉक्टर म्हणतात, सहा किलो. वर गुंजभर नाही.”

“मग सहा किलोंत बिऱ्हाड बसवू.”

आणि दोन महिने आम्ही तेच करत बसलो. दर बुधवारी मी जायची, तो एकेक वस्तू हुकाच्या वजनकाट्याला टांगायचा. तंबू वापरलेला, एका ठिकाणी ठिगळ, पण सव्वा किलोचा. झोपायची पिशवी नवी बघितली, तर किमतीनं डोळे पांढरे झाले.

“यात काय राजहंस भरलेत?”

“साधारण तसंच. पिसंच आहेत.”

“राहू दे. हंसाला थंडी वाजेल.” मी जुनी घेतली, उसवलेली चेन स्वतः बसवली. त्यानं टाका उलटापालटा करून बघितला आणि नुसती मान डोलावली. चाळीस वर्षं लोकांनी माझ्या हातचं खाल्लं, मान कुणी डोलावली नव्हती.

अंथरायच्या चटईचा त्यानं पायाकडचा वीतभर तुकडाच कापला.

“अहो!”

“तुमची उंची बघा. एवढी चटई नुसतीच हिंडेल तुमच्याबरोबर.”

“ठेंगणी म्हणा सरळ!”

“मी... मापाची म्हणणार होतो.”

मी उगीचच पिशवीची दोरी आवळत बसले.

शेगडी घेतली तळहातात मावेल एवढी. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो तिकडे घ्यायचा, हे त्यानं तीनदा बजावलं. वीस वर्षं तो स्वतः तंबू घेऊन हिंडला होता. मग ऑपरेशन होऊन कमरेत सळई बसली.

“आता माझे तंबू जातात,” तो म्हणाला. “दुरुस्तीला परत आले की मी झटकतो.” झटकून पडलेली माती त्यानं काचेच्या बरणीत साठवली होती, तांबडी, काळी, राखाडी. “पत्र कुणाचं येत नाही. माती येते.”

त्याचा एकट्याचा डबा असायचा, सुपाचा. चमचा स्टीलचा, दांडा वाकलेला. एक चमचा घ्यायचा, रस्त्याकडे बघायचा, मग दुसरा घ्यायचा. तसं रेंगाळत जेवणं मी ओळखते. घरी मीही तशीच जेवते.

निघायच्या दोन दिवस आधी त्यानं सगळं भरून टांगलं.

“किल्ल्यापण ठेवा काट्यावर.”

“त्या माझ्या कमरेला असतात, पाठीवर नाही.”

“गुडघ्याला काय कळतंय, कंबर कुठली नि पाठ कुठली? एकशे ऐंशी ग्रॅम आहेत. ठेवून जा कुणाकडे तरी.”

“कुणाकडे? भिंतीकडे?”

तो पट्टा ओढत राहिला. किल्ल्यांसकट काटा बरोबर सहावर थांबला.

घरी येऊन मी किल्ल्यांसकट पुन्हा तोललं. सवय, दुसऱ्याच्या काट्यावर मी कधी विसंबले नाही. सहा किलो चाळीस ग्रॅम! तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं उपसलं. पातेल्याच्या आत, फडक्यात गुंडाळलेला एक चमचा. स्टीलचा. दांडा वाकलेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाठीवर बिऱ्हाड घेऊनच दुकानात शिरले. तो डबा तोंडाला लावून सूप पीत होता. मला बघून ठसका लागला.

“ही काय चोरी? माझ्याकडे चमचा आहे!”

“तो... एकटीचा आहे.”

“मी एकटीच चाललेय!”

“हो.” त्यानं डबा खाली ठेवला. मिशीला सूप तसंच. “तिकडे कुणी भेटलं तर असावा, असं सांगणार होतो. पण ते खोटं झालं असतं. माझं काहीतरी... तुमच्याबरोबर जावं, एवढंच. आणि परत करायच्या निमित्तानं तरी तुम्ही याल.”

“आणि नाही आले तर?”

“तर हे असंच. तोंड लावून.”

बाहेर कुणाची तरी सायकल गेली, घंटी वाजली.

मग मी कमरेचा जुडगा सोडला आणि त्याच्यापुढे ठेवला. कंबर एकदम उघडी पडल्यासारखी वाटली.

“ही लांब किल्ली पुढच्या दाराची. ही बारकी गच्चीची. कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाला, तुमच्या त्या झारीनं. खिडक्या उघडा जरा, घराला वारा लागू दे.”

त्यानं किल्ल्या हातात घेतल्या, गरम भांडं धरावं तशा. मग माझं बिऱ्हाड काट्याला टांगलं. चमच्यासकट पाच किलो आठशे साठ.

“हलक्या झालात, बाई.”

“जास्त बोलू नका. आणि डबा तोंडाला लावायची काही गरज नाही. स्वयंपाकघरात तिसऱ्या खणात चमचे आहेत.”

“किती घेऊ?”

“एकच घ्या,” मी म्हणाले. “दुसरा मी घेऊन येतेय.”