दर महिन्याच्या दोन तारखेला

चित्रसाहित्याच्या दुकानात तिनं पुन्हा एकदा कार्ड लावलं आणि यंत्रानं पुन्हा नकार दिला. निवडलेले ब्रश हातातच राहिले.

"यंत्र बिघडलंय बहुतेक," ती म्हणाली.

"यंत्र बरं आहे," मागून कुणीतरी फक्त तिलाच ऐकू जाईल असं पुटपुटलं. "महिनाअखेर आहे."

ती फणकाऱ्यानं वळली. "तुम्हाला काय माहीत?"

"बँकेत असतो मी. हा चेहरा रोज बघतो." मग तो तरुण गडबडला. "म्हणजे... तुमचा नाही हो. असा!"

तिला हसूच फुटलं.

ती जुन्या चित्रांची डागडुजी शिकत होती. मावशीकडे राहायची, मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घ्यायची. दूरच्या शहरातल्या एका संग्रहालयात तिला पुढच्या वर्षी शिकायला जागा मिळाली होती, पण तिथं राहायचा खर्च स्वतःचा. आणि हातात आलेला पैसा कुठं पसार व्हायचा, ते तिला कधी कळायचंच नाही.

सोमवारी ती त्यानं सांगितलेल्या बँकेत गेली. तो चौथ्या खिडकीत होता. तिनं मनातल्या मनात त्याचं नावच ठेवलं – चार नंबर.

"मावशींना द्यायचे, जेवण, बस, रंग... हे आधी बाजूला काढू," तो म्हणाला. "उरतील त्यातले निम्मे साठवायचे. शिकवणीचे एक तारखेला येतात ना? मग दोन तारखेला ते आपोआप दुसऱ्या खात्यात जातील. तुमचा हात लागायच्या आत."

"निम्मेच? मी जेवण कमी करीन की!"

"उपाशी माणूस दोन महिने साठवतो आणि तिसऱ्या महिन्यात सगळं मोडतो. जेवा तुम्ही."

ते 'जेवा तुम्ही' बसस्टॉपपर्यंत तिच्या कानात रेंगाळत राहिलं.

मग दर दोन तारखेला ती हजर. "पैसे गेले का बघायला आले."

"मोबाइलवर दिसतं ते."

"मोबाइलवर नीट दिसत नाही," ती म्हणायची... त्याच्याकडे बघत.

परीक्षांच्या दिवसांत शिकवण्या बंद पडल्या. ती तोंड एवढंसं करून आली. तो रागावला नाही. त्यानं रक्कम कमी करून दिली. "थांबायचं नाही, जरा हळू चालायचं," म्हणाला, आणि बँक सुटल्यावर तिच्या स्टॉपपर्यंत चालत आला. त्याला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तिच्या बोटांवरचा रंग बघून आज आभाळ झालं की झाडं, हे ओळखायला तो शिकला होता.

जायचे दिवस जवळ आले तशी एका दुपारी ती खिडकीशी आली. मागे पासबुक घेतलेल्या एक काकू उभ्या होत्या.

"ते दोन तारखेचं बंद करायचंय. मला जायचंच नाही."

त्याचा हात थबकला. "कारण?"

"अर्जात कारण लिहावं लागतं?"

"अर्जाला नाही लागत. मला लागतं."

"तिथं..." तिचा आवाज बारीक झाला. "तिथं तुम्ही नाही."

त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"दर दोन तारखेला वाटतं, तू अजून थोडी लांब गेलीस. एकदा तर बंदच करून टाकावंसं वाटलं होतं. पण माझ्यामुळे राहिलीस, तर तुझ्या डोळ्यांत बघायची मला हिंमत होणार नाही. जा तू. मी सुट्ट्या साठवतो, तिकडे येतो. येऊ ना?"

"तुम्ही मला तू म्हणालात..."

"केव्हाचं म्हणायचं होतं."

"अगं, हो म्हण की!" काकूंना राहवेना. "माझंही काम व्हायचंय!"

ती कानापर्यंत लाल झाली. "चालू राहू दे मग," ती त्याला म्हणाली. "पत्ता देते. आधी तुझी बँक सुटू दे."

ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. त्या दुपारी चौथ्या खिडकीची रांग काही केल्या पुढे सरकेना.