चांद्रतळाच्या तोंडाचा वास

'अगस्ती' हा चांद्रतळ एका मंगळवारी, पायात सुई टोचल्यामुळे बरा झाला.

ही घटना घडलेली नाही. तळाच्या नोंदवहीत त्या मंगळवारपुढे 'हवा समाधानकारक' एवढंच लिहिलंय आणि खाली तळप्रमुखांची सही आहे. तेव्हा सुई, पाय आणि जे कोण बरं झालं ते, या तिन्ही गोष्टी वाचकांनी विसराव्यात आणि आधीच्या शुक्रवारपासून सुरुवात करावी.

त्या शुक्रवारी सकाळी तळप्रमुख सदानंद नाडकर्णी यांनी कालिंदी ढोले हिला बोलावून घेतलं. कालिंदी ही तळावरची वनस्पतिशास्त्रज्ञ. चंद्राच्या मातीत ती नाचणी पिकवत होती. दोन पिढ्या निघाल्या होत्या, तिसरी पोटरीत आली होती, म्हणजे कणीस अजून पानांच्या पोटात होतं. तिसऱ्या पिढीने दाणा धरला, तर माणूस इथे स्वतःचं धान्य पिकवून जगू शकतो हे सिद्ध होणार होतं. दाणा धरायला अजून बारा दिवस हवे होते, आणि त्या रोपांची भाषा तिच्याखेरीज तळावर कुणालाही येत नव्हती.

"बसा, ढोलेबाई," नाडकर्णी खिडकीकडे बघत म्हणाले. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, चंद्रच होता. "गुरुवारी यान येतंय. परतीला एक जागा रिकामी आहे."

"बरं."

"ती तुमच्या नावे केलीय. प्रकृतीच्या कारणास्तव."

"माझ्या प्रकृतीला काय धाड भरलीय, सर?"

नाडकर्णींनी एक कागद पुढे सरकवला. परिपत्रक क्रमांक चाळीस, विषय : मुखप्रदेशातील हवामान.

कालिंदीने तो दोनदा वाचला. "माझ्या तोंडाला वास येतो, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी असं मुळीच म्हणालो नाही," नाडकर्णी दुखावल्या आवाजात म्हणाले. "श्वासमापी म्हणतो."

श्वासमापी म्हणजे फुंकर घातली की श्वासात कुठल्या वाफा किती आहेत हे सांगणारी नळी. दहापर्यंतचा आकडा ठीक धरला जाई. संशयावरून एकट्या कालिंदीचाच श्वास मोजला जात होता, आणि तिचा आकडा तीन आठवडे सतत चाळिसाच्या वर होता. बंदिस्त तळावर न उलगडलेला श्वास म्हणजे न उलगडलेला आजार, आणि तो असलेल्या माणसाने पृथ्वीवर परत जायचं, असा नियम होता.

"शिवाय तुमची ती लसणाची चटणी..."

"ती तर केव्हाच संपली, सर. शेवटचे दोन चमचे तुम्हीच घेतलेत."

नाडकर्णी पुन्हा चंद्राकडे बघू लागले.

कालिंदी तडक डॉ. ल्यू मेइलान यांच्या खोलीत गेली. डॉ. ल्यू तळाच्या वैद्य. वय एकसष्ट, घरात चार पिढ्यांचं चिनी वैद्यक. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत सात वर्षं काढल्यामुळे मराठी अस्खलित आणि नको तिथे स्पष्ट. त्यांनी कालिंदीची जीभ पाहिली, तीन बोटांनी दोन्ही मनगटांची नाडी पाहिली, मग नाक तिच्या तोंडापाशी नेलं. "सोड श्वास. लाजू नकोस, मी काही सोयरीक जमवायला आलेली नाही."

कालिंदीने श्वास सोडला. डॉ. ल्यू डोळे मिटून बसल्या.

"डॉक्टर, मी दिवसातून चार वेळा दात घासते हो."

"धुराडं घासतेस तू. धूर धुराड्यातून निघतो, म्हणून चूल तिथे असते का?"

"मग चूल कुठे असते?"

"बहुतेकांची जठरात. आमच्या शास्त्रात तोंडाचा वास हा रोग नाही, धूर आहे. जठरात आग साचली की वास उग्र, तहान फार, हिरड्या सुजलेल्या, जिभेवर पिवळा थर. अन्न तुंबलं की वास आंबूस, कुजका. फुप्फुसात बिघाड असला तर मासळीसारखा. ज्याची चूल त्याचा धूर. रुग्णाचं बोलणं ऐकणं आणि त्याचा वास घेणं ही आमच्याकडे एकच परीक्षा. तोंड खोटं बोलतं, श्वास बोलत नाही."

"आणि औषध?"

"आगीला थंड मुळ्या. तुंबलेल्या अन्नाला लंघन, मोड आलेला सातू, मुळ्याचं बी. आणि पायात सुई."

"तोंडासाठी पायात?"

"दुसऱ्या नि तिसऱ्या बोटाच्या बेचक्यात. त्या जागेला आम्ही 'आतलं अंगण' म्हणतो. वर कोंडलं की खालचं दार उघडायचं."

"आणि लवंग? माझी आई लवंग चघळायला सांगते."

"लवंग हा शिष्टाचार झाला. जुन्या काळी आमचे दरबारी सम्राटाशी बोलताना लवंगच धरायचे तोंडात. सम्राटाचं नाक खूश, दरबाऱ्याचं पोट होतं तसंच." डॉ. ल्यूंनी तिचं मनगट सोडलं. "तुझी जीभ गुलाबी, थर पातळ, नाडी संथ. तुझ्यात ना आग, ना तुंबारा. धूर मात्र आहे. वास अन्न तुंबल्याचा."

"म्हणजे?"

"म्हणजे चूल शेजारच्या घरात आहे."

कालिंदीच्या डोक्यात एक साधं रसायनशास्त्र जुळत होतं. काही वायू हुंगले की रक्तात विरघळतात आणि पुढे कित्येक तास फुप्फुसांवाटे बाहेर पडत राहतात. "म्हणजे मी वास सोडत नाहीये," ती सावकाश म्हणाली. "मी तो परत करतेय."

"आत्ता कशी बोललीस! सगळ्यांना फुंकर घालायला लाव."

शनिवारी अकराच्या अकरा जणांनी श्वासमापीत फुंकर घातली. अकराही जण दहाच्या वर निघाले. वाफा साधारण त्याच, प्रमाणही जवळपास तेच, फक्त आकडे कमीजास्त. कालिंदीने ते आकडे ज्याच्या त्याच्या कामाच्या जागी तळाच्या नकाशावर मांडले. सगळ्यात मोठे आकडे जैवपाचकाभोवती जमले होते. जैवपाचक म्हणजे तळावरचं उष्टं-खरकटं कुजवून त्याचं खत आणि पाणी करणारी टाकी. तिच्या भिंतीला लागूनच नाचणीची खोली.

"तळाला जठर आहे," डॉ. ल्यू म्हणाल्या, "आणि त्याला अजीर्ण झालंय."

"पण हवेचे संवेदक मग गप्प का?" कालिंदीने विचारलं. सगळ्यांच्या माना हवा-अभियंता बाळकृष्ण कुंभारे याच्याकडे वळल्या.

कुंभारे एरवी कुणाला बोलू द्यायचा नाही. आज त्याने बराच वेळ स्वतःच्या बुटांची पाहणी केली. "भोंगा वाजला होता. चार आठवड्यांपूर्वी. सकाळी पाचक भरायच्या वेळेला. नेमके तेव्हाच सर माझ्या शेजारी येऊन उभे राहतात. एक दिवस वाजला, दोन दिवस वाजला. सर आले की भोंगा. चारचौघांत बरं दिसेना हो ते! म्हणून मी यंत्राला सांगितलं, जेवढा वास आहे तेवढा शून्य धर."

सगळ्यांच्या माना आता नाडकर्णींकडे वळल्या.

"म्हणजे तो माझा आहे असं वाटलं तुम्हाला?" नाडकर्णींनी विचारलं.

"मी असं मुळीच म्हणालो नाही, सर."

"आणि मला," नाडकर्णी म्हणाले, "इतके दिवस तो तुमचा वाटत होता, कुंभारे. म्हणून मी भोंग्याबद्दल विचारलं नाही. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

उरलेला हिशेब सरळ होता. तळाच्या वर्धापनदिनाला एकशेदहा पुरणपोळ्या झाल्या होत्या. निम्म्या उरल्या, त्या तुपासकट पाचकात गेल्या. पाचक तुंबला. वास सुटला, तशी सगळ्यांची भूक मेली. भूक मेली म्हणून ताटात अन्न उरू लागलं, आणि ते उरलेलं पुन्हा पाचकात. आणखी पंधरा दिवसांत नाकाला कळेनासा झाला असता इतका तो वायू वाढला असता, आणि त्यानंतर कुणाला काहीच कळलं नसतं.

कुंभारे टाकी उघडायला निघाला. त्याला आठ दिवस लागणार होते आणि तेवढा काळ तळाला पाणी मिळणार नव्हतं. डॉ. ल्यूंनी त्याला थांबवलं. "अजीर्णासाठी पोट फाडतात का रे?" त्यांनी पाचकाला लंघन सांगितलं. शनिवार दुपारपासून टाकीत एक शीतही गेलं नाही. सातू नव्हता, म्हणून कालिंदीने दुसऱ्या पिढीच्या नाचणीचे दोन मुठी मोड दिले. देताना तिने दाणे मोजून घेतले. तिसऱ्या दिवशी मोडांच्या पाचकरसाने वरचा थर सैल झाला, पण खालून काही वाहीना.

आणि मग जो मंगळवार झाला नाही, त्या मंगळवारी डॉ. ल्यू जमिनीखालच्या बोळात पालथ्या पडल्या. पाचकाची निचरा-नळी तिथे सगळ्यात खाली उतरून दोन फाट्यांत विभागत होती. त्या बेचक्यात तूप गोठून दगड झालं होतं. कालिंदीने मातीचे नमुने काढायची हातभर लांबीची पोलादी सळई त्यांच्या हातात दिली. त्यांनी नळीवर तळवा ठेवला, झडपेतून सळई आत सरकवली, थोडी फिरवली आणि थांबल्या. रुग्णाजवळ थांबतात तशा.

नळीतून एक लांब, खोल आवाज आला. कुंभारेने पुढे तो आवाज 'समाधानाचा ढेकर' असा नोंदवला. नाडकर्णींनी तो शब्द खोडला आणि मग अख्खं पानच बदललं. भोंगा गप्प का होता हे लिहायचं, तर तळप्रमुखांच्या तोंडाविषयीचा संशय सरकारी कागदावर यायला हवा होता. ते शिष्टाचाराला धरून नव्हतं.

बुधवारी दुपारी पुन्हा अकरा फुंकरी झाल्या. कालिंदी तीन. नाडकर्णी दोन. कुंभारे चार. दहा जण दहाच्या आत. घरातला धूर गेला होता.

डॉ. ल्यूंचा आकडा सव्वीस आला.

कालिंदीने नळी पुसून पुन्हा दिली. पुन्हा सव्वीस. आणि वाफा वेगळ्या. अकराही जणांचा धूर एक होता, तोवर हा त्यात मिसळून गेला होता. आता घरात दुसरा धूर नव्हता.

"आकडा मला वाचता येतो," डॉ. ल्यू शांतपणे म्हणाल्या. "वास सांग. स्वतःच्या तोंडाचा वास कुणालाच येत नाही. चाळीस वर्षं लोकांनी माझं नाक वापरलं, पण ते बसवलंय माझ्याच तोंडावर. जवळ ये."

कालिंदी वाकली. डॉ. ल्यूंनी श्वास सोडला.

'काही नाही हो डॉक्टर, लवंगेचा येतोय' हे वाक्य कालिंदीच्या जिभेवर तयार होतं. सभ्य वाक्य होतं. तसल्याच सभ्यपणाने अकरा माणसं चार आठवडे मरणाच्या वाटेवर चालत होती. शिवाय उद्या गेलेलं यान पाच महिन्यांनी परत येणार होतं.

"गोडसर आहे," ती म्हणाली. "ओलं गवत कुजल्यासारखा. आणि मागून थोडा मुळ्यासारखा."

डॉ. ल्यूंनी मान हलवली. विद्यार्थिनीचं उत्तर बरोबर आल्यावर हलवावी तशी. "यकृत."

"कितपत?"

"नाकाला तारीख कळत नाही, पोरी."

"इथे काही करता येईल?"

"इथे लवंग आहे," डॉ. ल्यू म्हणाल्या आणि सामान आवरायला उठल्या.

गुरुवारची रिकामी जागा कालिंदीऐवजी डॉ. ल्यूंनी भरली. कारणाच्या रकान्यात नाडकर्णींनी 'वैयक्तिक' असं लिहिलं. अवयवाचा आजार घेऊन गेलेल्या व्यक्तीला पुन्हा चंद्रावर पाठवता येत नाही, असा नियम नववा सांगतो. दुरुस्तीसाठी गेलेलं उपकरण मात्र एकशेऐंशी दिवसांत परत आलंच पाहिजे, असं नियम चौदावा सांगतो. कालिंदीने दोन्ही नियम नीट वाचले. शुक्रवारी नाचणीला पाणी घालून झाल्यावर तिने पुढील अर्ज पाठवला :

प्रति, पुरवठा व दुरुस्ती विभाग, पृथ्वी मुख्यालय.

महोदय, गुरुवारच्या यानाने या तळावरून एक अत्यावश्यक उपकरण दुरुस्तीसाठी रवाना झाले असून, लिपिकाच्या चुकीमुळे त्याची नोंद 'व्यक्ती' या सदरात झाली आहे. तपशील : नाक, मानवी, एक. वापर : एकसष्ट वर्षे. अचूकता : पूर्ण, स्वतःचा अपवाद वगळता. तरी सदर नोंद दुरुस्त करून हे नाक, त्याच्या मूळ मालकिणीसह आणि तिला ठणठणीत करून, नियम चौदानुसार मुदतीत परत पाठवावे, ही नम्र विनंती. बदली नाक स्वीकारले जाणार नाही.